समुद्राची ड्युटी

चौतीस वर्षं भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये शिफ्ट केली, पण एकदाही लेट झालो नाही. हे मी स्मृति नगरातल्या प्रत्येक माणसाला किमान दोनदा सांगितलं आहे. आता मला पाहून लोक रस्ता बदलतात.

माझ्या बायकोला, कमलाला, ती सोय नाही. लग्नानंतर तिने एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्रात पाय बुडवायचे. मी दरवर्षी हो म्हणायचो आणि दरवर्षी कुणाची तरी ड्युटी अंगावर घ्यायचो. मी नसलो तर भट्टी विझेल असं मला खरंच वाटायचं. मी रिटायर झालो, भट्टी मजेत पेटलेली आहे. तोवर कमलाचे गुडघे मात्र गेले.

शेवटी मुलीने, संघमित्राने, ओडिशातल्या चांदीपूरची तिकिटं हातात ठेवली. "पापा, अब कोई बहाना नहीं. आईले घेऊन जा." कमलाने सुपेल्याच्या बाजारातून प्लास्टिकच्या चपला आणल्या, खास समुद्रासाठी. मी कागदावर प्रोग्राम काढला. पहिला दिवस, मासळी बंदर आणि बाजार. दुसरा दिवस, सकाळी सहा ते साडेसहा समुद्र, लगेच टॅक्सी आणि स्टेशन.

पहिल्या दिवशी सकाळी कमला झोपलेली असताना मी एकटाच पाहणीला गेलो. सहाच्या ठोक्याला पाणी किनाऱ्यावरच्या पायऱ्यांना लागलं होतं. गडी वेळेचा पक्का आहे, म्हटलं. कमलाला उठवलं नाही, कारण प्रोग्राममध्ये तसं नव्हतं.

दुपारी बंदरावरून परतलो तर समुद्र नाहीच! नुसता चिखल, त्यात लाल खेकडे, आणि लांब कुठेतरी शिंपले वेचणाऱ्या बाया. चांदीपूरचा समुद्र दिवसातून दोनदा असा कोसभर मागे जातो, लोक मुद्दाम तेच बघायला येतात.

"अजी, कुठी गेला हा?" कमलाने विचारलं.

"ड्युटी संपली त्याची. उद्या सहाले येते."

शेजारी तळलेले मासे विकणारी बाई हसली. "रोज थोड़ा देरी से आता है, बाबू." मला वेळेचं शिकवते! मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. संध्याकाळी कमलाचे गुडघे सुजले, ती खोलीत शेक घेत बसली. मी घड्याळाला गजर लावला.

दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला आम्ही पायऱ्यांवर हजर. समुद्र गैरहजर. दूर एक करडी रेघ तेवढी दिसत होती, आणि मधल्या चिखलात उतरायची कमलाच्या गुडघ्यांची हिंमत नव्हती. सव्वासहा झाले. सहा वीस झाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"चाल, निघू. गाडी चुकन."

कमला हलली नाही. नव्या चपला काढून तिने मांडीवर घेतल्या. "तुमची शिफ्ट सुटाची वाट चौतीस वर्सं पायली मी. हा तं अर्ध्या घंट्यानं येऊन राह्यला."

मला लाज वाटली, खरंच वाटली. तेवढ्यात वर रस्त्यावर, खोलीवरून आमचं सामान घेऊन आलेल्या टॅक्सीचा हॉर्न वाजला. मी वर गेलो आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं, थोडं थांब म्हणून हात जोडले. ड्रायव्हर ऐकेना. मी त्याला भट्टीपासून सगळं सांगितलं. तो कंटाळला, सामान खाली ठेवून निघून गेला.

वळून पाहिलं तर सात वाजायला आले होते आणि पाणी पायऱ्यांवर आलं होतं. म्हणजे याही वेळेला मी तिथे नव्हतोच. धावत खाली गेलो. कमला एक पायरी वर सरकून बसली होती. पाय पोटाशी ओढलेले आणि अगदी कोरडे.

"अवं, आला ना तो! पाय कावून नाई टाकले?"

"तुमची वाट पाहून राह्यली ना," ती म्हणाली.

रिटायर झालो तरी मी प्लांटचे सेफ्टी बूटच घालतो. वाकून नाड्या सोडायला गेलो, पण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं आणि गाठ सापडेना. कमलाने हात पुढे केला. मी तो धरला आणि तिच्यासोबत बुटांसकट पाण्यात उतरलो.