दोन माठांतला पाळणा

टेंभुर्णीच्या रायभानच्या नातीचं बारसं होतं, आणि पाळणा म्हणायचा तो तिच्या आजीनंच, असं त्यानं घरात सांगून टाकलं होतं. आजी, म्हणजे रायभानची बायको आसराबाई, पोळ्यानंतर वारली होती. पण पुतण्याच्या बारशाला तिनं म्हटलेला पाळणा त्यानं कॅसेटवर भरून घेतला होता. साध्या टेपवर तो कसाबसा ओसरीपुरता ऐकू यायचा. म्हणून रायभाननं जालन्याहून डेक आणि दोन स्पीकर आणले, आणि गावातली पोरं करतात तसे ते माठांच्या तोंडावर बसवले. माठात आवाज घुमतो.

तारा त्यानं स्वतःच जोडल्या. प्रत्येक तारेच्या एका पदरावर लाल रेघ होती. बैल जुंपताना दोघांचे कासरे बाहेरच्या अंगाला घेतात, त्याच हिशेबानं त्यानं दोन्हीकडे लाल रेघेचा पदर डेकच्या बाहेरच्या कडेला खोचला. जोडी बराबर दिसत होती.

बायका जमल्या. रायभाननं बटण दाबलं. आसराबाईचा आवाज आला, पण पातळ, पोकळ, शिवारापलीकडून हाक मारल्यासारखा. कॅसेट एकच होती.

"कॅसेटची पट्टी खराब झाली काय रे?" थोरली बहीण द्वारकाबाई म्हणाली. "आन् माठ कशाला मांडले? पाणपोई घातली का?"

बायका फिदीफिदी हसल्या.

सून उषा हळूच म्हणाली, "मामा, राहू द्या. आम्ही म्हणतो पाळणा."

"न्हाई, तिलाच म्हणू दे."

द्वारकाबाई बघायला पुढं आली, तिच्या पायात एक तार अडकली आणि स्पीकरपासून निसटली. एक माठ गप्प झाला. आणि दुसऱ्यातून आसराबाईचा आवाज खणखणीत आला!

"बघा! नणंदेची लाथ बसली तवा नीट गायला लागली!" बायकांतली एक म्हणाली.

कॅसेट चांगली आहे म्हटल्यावर रायभानच्या जिवात जीव आला. तो डेकच्या मागं वाकला. खाचा होत्या लाल-काळी, लाल-काळी. एकीकडं लाल रेघ लाल खाचेत होती, दुसरीकडं काळ्या खाचेत. एक स्पीकर पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता, आणि आवाज मधल्यामध्येच विरत होता.

"अक्का, म्या तर बैलं जुंपून राह्यलो होतो इथं!"

त्यानं निसटलेली तार परत जोडली, चुकलेल्या बाजूचे दोन पदर अदलाबदल करून खोचले आणि कॅसेट पहिल्यापासून लावली. दोन्ही माठ एकदम घुमले. आवाज अंगणभर झाला, गल्लीत गेला. बायकांनी तिच्या मागून ओळी उचलल्या, उषानं पाळण्याची दोरी ओढली. रायभान भिंतीला टेकून नुसता ऐकत होता, आणि डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

पाळणा संपला, बायका उठू लागल्या. कॅसेट थांबवायची राहून गेली, आणि माठांतून आसराबाई बोलली, "ए, घुगऱ्या घेतल्याबिगर कुणी उठायचं न्हाई!"

सगळ्यांत आधी द्वारकाबाईनं पदर सावरून फतकल मारली.

"न्हाई उठत गं बाई, बसलो!"

अंगणात एकच हशा पिकला, आणि रायभान घुगऱ्यांचं पातेलं आणायला लगबगीनं आत धावला.