बाहेरच्या दोन दोऱ्या

सलग चौथ्या दिवशी सुविधा पाण्याबाहेर आली तेव्हा तिचे दोन्ही हात खांद्यापासून दुखत होते. राजेशने पतंग उतरवून वाळूवर पालथा घातला. तिने बार खाली ठेवला, तरी बोटं मिटलेलीच राहिली. ती एकेक करून उघडावी लागली.

"आजपण?" राजेशने विचारलं.

"आज तर जास्तच. पतंग मागे मागे पडतो आणि सगळा भार हातावर. माझंच काही चुकतंय काय रे?"

"चुकत नाही ताई, मी बघत होतो की. उभ्या बरोबर होता तुम्ही." राजेश पतंगाकडे बघत राहिला. "मग काय होतंय ते मात्र कळंना."

सुविधा गोव्यात पेडण्याच्या एका हायस्कुलात खेळ शिकवायची. शाळा दीडला सुटायची आणि फेब्रुवारी लागला की मोरजीच्या किनाऱ्यावर तीनच्या सुमारास वायव्येचा वारा भरायचा, त्यामुळे वेळ बरोबर जुळायची. दोन वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा हा खेळ करून बघितला. पायाखाली पाण्यावरून घसरणारी फळी, कमरेला जाड पट्टा, आणि वर वाऱ्याने फुगलेला बारा-तेरा हात रुंद पतंग. शिकवणारा राजेश बेळगावकडचा. तो इथे हॉटेलाच्या बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला आला होता. पुढे पतंग शिकवणाऱ्यांकडे सामान वाहायला लागला, आणि वाहता वाहता स्वतःच शिकला.

पतंगाला चार दोऱ्या असतात. मधल्या दोन कमरेच्या हुकाला येतात, खरी ओढ त्या घेतात. बाहेरच्या दोन हातातल्या दांडीच्या टोकांना असतात, त्यांनी पतंग वळवायचा. त्या दांडीलाच सगळे बार म्हणतात. सगळं जुळलेलं असलं तर बार दोन बोटांनी धरता येतो. सुविधाचा बार मात्र गेले चार दिवस दावं तोडून निघालेल्या म्हशीसारखा ओढत होता.

राजेशने काय काय करून पाहिलं नव्हतं! पतंगाच्या दोन्ही टोकांना, बाहेरची दोरी अडकवायला तीन-तीन फासे होते. पहिल्या दिवशी त्याने दोऱ्या पुढच्या फाशात अडकवल्या. मग कोणीतरी सांगितलं, हलका करायचा तर मागच्या फाशात घाल. दुसऱ्या दिवशी मागच्या फाशात घातल्या. पतंग सावकाश वळायला लागला, ओढ तेवढीच. तिसऱ्या दिवशी त्याने पतंगाजवळच्या छोट्या कप्प्या गोड्या पाण्याने धुतल्या, त्यांत वाळू अडकली असेल म्हणून. त्या आधीपासूनच व्यवस्थित फिरत होत्या.

"दोऱ्या लहानमोठ्या झाल्या नसतील ना?" सुविधाने विचारलं.

"जानेवारीत मीच मोजल्यात. चारी सारख्या. एका महिन्यात अशा किती ताणणार?"

त्या रात्री जेवताना तिला भाताचा घास उचलतानाही खांदा जाणवला. तिचा नवरा सगुण समोर बसला होता. मोरजीतल्याच मच्छीमार घरातला, स्वतःची होडी असलेला. त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि तिच्या ताटात आमटी वाढली. सुविधाला वाटलं, वय झालं असेल. छत्तीस म्हणजे काही कमी नाही. मग वाटलं, सरावच कमी पडतोय. पण सराव तर रोज होता. नक्की कशाला दोष द्यायचा, हे तिला ठरवता येईना.

रविवारी एक गोष्ट घडली. पाण्यात असताना दमून तिने बारच्या वरचा पट्टा ओढला. तो ओढला की मधल्या दोन दोऱ्या आखूड होतात. एरवी वारा फार झाला तरच कोणी तो वापरतं. वारा तर बेताचाच होता. पण पट्टा शेवटपर्यंत ओढल्याबरोबर बार हलका झाला. आधी होता तसा.

ती तशीच किनाऱ्याला आली.

"राजेश, मधल्या आखूड केल्या की बरोबर होतं. मग याचा अर्थ काय?"

"मधल्या लांब झाल्यात."

"किंवा बाहेरच्या आखूड."

"बाहेरच्या कशा आखूड होतील ताई? दोरी ताणते. आखूड होत नाही."

खेळाच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून मारून सुविधाला एवढं माहीत होतं, की दोरीबद्दल वाद घालण्यापेक्षा मोजलेलं बरं. त्यांनी पट्टा पुन्हा सैल सोडला. दोऱ्या पतंगापासून सोडवल्या आणि चारी टोकं कासवांच्या अंड्यांभोवती घातलेल्या कुंपणापासून लांब, एका माडाला अडकवली. सुविधा बार घेऊन मागे मागे गेली आणि ताण दिला. बाहेरच्या दोन ताठ झाल्या. मधल्या दोन मात्र झोळीसारख्या लोंबत राहिल्या.

राजेश माडापाशी वाकला. त्याने बाहेरच्या दोरीचं टोक बोटांत धरून उलटसुलट केलं.

"ताई, इकडे या. ह्या गाठी कुणी मारल्यात?"

बाहेरच्या दोऱ्यांच्या टोकाला कंपनीचा शिवलेला फास नव्हता. त्याच्या जागी दुहेरी गाठ होती, शेपूट आत दाबलेली, वरून मेण लावलेली. इतकी नेटकी, की रोज हातातून जाऊनही राजेशला कळली नव्हती. दोन्ही दोऱ्या सहा सहा बोटं आखूड झाल्या होत्या.

"मी नाही मारल्या," राजेश म्हणाला. "आईशप्पत."

"ठाऊक आहे मला," सुविधा म्हणाली.

अशी गाठ ती घरात चौदा वर्षं बघत होती.

घरी सगुण पुढच्या सोप्यावर जाळं पसरून बसला होता. तिने पिशवीतून बार काढला आणि गाठ त्याच्यासमोर धरली.

"ही तुमची?"

सगुणने सुई थांबवली. "माजीच. टोकाक झिजलेली दोरी. सूत सुटलेलां. भर पाण्यात तुटली असती तर?"

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू शाळेत होतीस."

"आणि संध्याकाळी? दुसऱ्या दिवशी? आठवडाभर माझे हात दुखतायत. तुम्ही बघत होता."

"म्हाका काय ठावक त्याच्यामुळे दुखतत म्हणून? दोरी मजबूत केली तर हात कित्याक दुखतले?"

तो खरंच विचारत होता. सुविधाचा राग अर्ध्यावर अडकला. तिने चारी दोऱ्यांची टोकं सोप्यावर ओळीने ठेवली. मधल्या दोन्हींचं सूतही तसंच सुटलेलं होतं.

"ह्या का नाही कापल्यात? ह्यापण झिजल्यात."

सगुण वाकून बघत राहिला. त्याने एका टोकाचं सुटलेलं सूत बोटांनी पिळलं.

"डिसेंबरात तुका त्या पतंगान फरफटवत नेलेलां," शेवटी तो म्हणाला. "मी होडी ओढत होतो. धावत इलंय, पण पोचूक गावलां नाय. तू आपणच सुटलंस. वायच हसलंसय."

"मग?"

"मग म्हाका वाटलां, ह्यो दोर कमी केलो तर पतंग वायच जवळ रवात. लांब जावचो नाय." तो थांबला. "पण झिजलेलीय होती गो. खोटां नाय."

"म्हणजे झिजली म्हणून कापलीत, की मी लांब जाऊ नये म्हणून?"

"दोनय असतलां. आता तू इचारतंस तर म्हाकाच सांगूक येणा नाय, पयलां खयचां मनात इलां ता."

भांडावं तर त्याने केलं ते जपायलाच केलं होतं. सोडून द्यावं तर तिच्या वस्तूला तिला न विचारता सुरी लावली होती. त्यात गंमत म्हणजे, पतंग जपून उडावा म्हणून त्याने जे केलं त्यानेच तो आवरेनासा झाला होता. ती आत गेली, चहा ठेवला, आणि दूध घालायचं विसरून दोन कप बाहेर घेऊन आली. सगुण तो चहा तसाच प्यायला.

सोमवारी तो तिच्याबरोबर किनाऱ्यावर आला. राजेशने त्याला जाड, न ताणणाऱ्या दोरीचे दोन तुकडे दिले. सगुणने ते एकमेकांना लावून मोजले, टोकं बांधली, पुन्हा मोजले आणि बाहेरच्या दोऱ्यांना जोडले. मधल्या दोन्हींची झिजलेली टोकं राजेशने स्वतः बघितली. आणखी आठवडाभर चालतील, मग नव्या मागवू, म्हणाला. माडाला अडकवून ताण दिला तेव्हा चारी दोऱ्या एकदम ताठ झाल्या.

"बस?" सगुणने विचारलं. "इतकांच?"

"इतकंच," राजेश म्हणाला. "आठ दिवस मी खुळ्यासारखा फासे बदलत बसलोय बघा."

सुविधा पाण्यात उतरली. बार इतका हलका होता की तिला आधी पतंग उडतोय की नाही तेच कळेना. हात सवयीने ओढायला जायचे, आणि पतंग भलतीकडेच झेपावायचा. दोनदा ती पडली. खारं पाणी नाकातोंडात गेलं. सारखं वर बघावं लागत होतं. तिसऱ्यांदा ती उभी राहिली आणि किनाऱ्याच्या टोकाच्या मोठ्या खडकापर्यंत जाऊन परत आली, पण तेवढ्या वेळात आपण काय बरोबर केलं ते तिला सांगता आलं नसतं.

सगुण गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता.

"आता जड नाय मा?"

"नाही. पण हातात काही आहे असंच वाटत नाही."

"ह्या बरां का वायट?"

"बघते दोन दिवस."

राजेशने पतंग उतरवला. सुविधाने बार गुंडाळायला घेतला तेव्हा सगुणने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"लावू हात?"

"लावा. पण काही कापायचं, जोडायचं असलं तर आधी मला विचारा."

"इचारतंय."

त्याने बार छातीसमोर धरला, जवळ ओढला, मग लांब केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"म्हणजे जवळ ओढलो की जोर, आणि सोडलो की सैल?"

"हो."

"आणि भ्याल्यावर माणूस काय करता? ओढताच मा?"

"ओढतोच. पहिले सहा महिने मी तेच करत होते."

सगुण बार तसाच धरून समुद्राकडे बघत राहिला. तिने दोऱ्या गुंडाळायला हात पुढे केला, तरी त्याने तो लगेच दिला नाही.

"परत एकदा सांग," तो म्हणाला.