गुडघ्याचं काम

धाकट्या भावाला चालवणारं यंत्र तयार झालं, तेव्हापासून ताईचा पाय एका जागी ठरत नव्हता. यंत्र पायांना बांधायचं आणि त्याच्या मोटारींनी पावलं टाकायची. कुठल्या मोटारीला कधी हुकूम जायचा, चार प्रोसेसरांवर कुठलं काम आधी चालायचं, हे ठरवणारा संगणकाचा मूळ प्रोग्राम, म्हणजे कर्नेल, तिनेच लिहिला होता.

आज भाऊ चाचणीला आला होता. "कधी बांधतेस?" त्याने चाकांच्या खुर्चीतून विचारलं.

"आधी बाहुलं चालू दे."

यंत्र बांधलेलं, वाळू भरलेलं माणसाएवढं बाहुलं भिंतीपर्यंत नीट गेलं, वळलं आणि उजव्या गुडघ्यात दुमडून धपकन पडलं.

"हजार पावलांत एकदा होतं असं," प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले. "दोन्ही बाजूंना माणसं उभी करू. चाचणी बघायला पाहुणे येतीलच आता."

"पाहुण्यांना उद्या बोलवा. हे मी कुणालाही बांधणार नाही."

साहेब तणतणत निघून गेले. भाऊही वैतागला. "पडलो तर पडलो, ताई. कंटाळलोय मी या खुर्चीला."

"आणि आईला काय तोंड दाखवू मी? गप्प बस जरा."

ती यंत्राच्या नोंदी चाळत बसली, उठली, पुन्हा बसली. शेवटी सापडलं. पडद्यावर आलेख काढणाऱ्या किरकोळ कामाने गुडघ्याच्या मोजमापांना कुलूप लावलं होतं, म्हणजे त्याचं होईपर्यंत ती दुसऱ्या कुठल्या कामाला मिळणार नव्हती. जास्त निकडीच्या दुसऱ्या कामांनी मध्येच त्याला प्रोसेसरवरून हुसकावलं आणि पलीकडच्या प्रोसेसरवर गुडघ्याचं काम कुलूप उघडायची वाट बघत ताटकळलं; मोटारीला हुकूम वेळेत गेलाच नाही. वाट बघणाऱ्याची निकड कुलूपवाल्याला मिळावी, म्हणजे त्याला कुणी हुसकावणार नाही, अशी सोय तिने केली होती. पण ती एकाच प्रोसेसरपुरती. तिने कपाळाला हात लावला.

ती निकड आता पलीकडेही पोचेल अशी दुरुस्ती तिने केली. मग दुपारभर बाहुलं चाललं आणि ती नखं खात त्याच्या शेजारून चालली. एकदाही पडलं नाही.

तेव्हा कुठे तिने भावाला पट्टे बांधले. तो उभा राहिला. दांड्या धरून भिंतीपर्यंत गेला, वळला.

"ताई, बघ ना इकडे."

"बघतेय," ती म्हणाली. तिची नजर त्याच्या उजव्या गुडघ्यावर होती.

तो हसत परतला. "अजून एक फेरी?"

"उद्या." त्याची कुरकुर ऐकत तिने पट्टे सोडले आणि पुन्हा बाहुल्याला बांधायला घेतले.