अबू सत्तामची शंका

अबू सत्ताम दमला होता, आणि ही गोष्ट त्याच्या बायकोखेरीज कुणालाच पटत नव्हती. करक शहराच्या दक्षिणेकडच्या गावांत कुठे खून पडला, कुठे गाडीखाली माणूस आलं, कुठे मुलीला मागणी घालायची झाली, की लोकांना पहिलं नाव त्याचं आठवायचं. ज्यांची चूक असेल त्यांनी चार मानाची माणसं पुढे घालून समोरच्याच्या दारी जायचं, ही तिथली रीत. अशा माणसांच्या जथ्याला ते जाहा म्हणतात. जाहाच्या पुढे अबू सत्ताम. बोलणार तो. यजमान त्याच्यापुढे कडू कॉफीचा पेला ठेवणार आणि तो त्याला बोटही लावणार नाही. यजमान 'कॉफी प्या' म्हणाला, की मागणं मान्य झालं. नाही म्हणाला, तर पेला तसाच ठेवून उठायचं. असे किती पेले त्याने रिकामे केले होते कोण जाणे. बायको, उम्म सत्ताम, म्हणजे सत्तामची आई, म्हणायची, "साऱ्या मुलखाचं मिटवून झालं. आता आपल्या गुडघ्यांशी तेवढा तह करा."

या खेपेला मागणं शेजारचंच होतं. शेजारच्या उम्म यझनचा धाकटा, कुसै, टोमॅटोच्या पेट्या भरून पिकअप घेऊन निघाला होता. वळणावर गाडी आवरली नाही आणि समोरून मोटरसायकलवर येणारा मुतलक नावाचा तरुण जागीच गेला. तेव्हापासून कुसै कोठडीत होता. दोन्ही घरांत तात्पुरता तह झाला होता, पण तो फक्त हात न उचलण्यापुरता. मुतलकच्या बापाने माफ केलं, तर पोरगं सुटायची आशा. नाही केलं, तर आत कुजणार. आणि सुटलं तरी मुतलकच्या गावावरून जाणारा रस्ता त्याला जन्मभर बंद. कुसै तीन वर्षांचा असल्यापासून अबू सत्तामच्या अंगणात भिंतीवरून उड्या मारून यायचा. नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

आता अबू सत्तामची एक पद्धत होती. जाहा न्यायच्या आधी तो एकटाच त्या गावी जायचा. दुकानदाराकडे बसायचा, मशिदीच्या पायरीवर बसायचा, एखाद्या म्हातारीच्या हातचा चहा प्यायचा. तरुण पोरं विचारायची, आता हे कशाला, भाषण तर तुम्हाला पाठ आहे. तो म्हणायचा, "बोलायचं काय, ते कुणीही सांगेल. काय बोलायचं नाही, ते विचारून यावं लागतं." कुठल्या घरात विहिरीचा विषय काढायचा नाही, कुठे धाकट्या भावाचं नाव घ्यायचं नाही, हे पुस्तकात थोडंच लिहिलेलं असतं? पण त्या उन्हाळ्यात त्याला रक्तदाबाने धरलं होतं, पाठोपाठ दोन मयती झाल्या होत्या, आणि मुतलकच्या गावचा चढ नुसता डोळ्यांपुढे आला तरी त्याला धाप लागायची. तो गेला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता जाहाचा दिवस जवळ येऊन ठेपला.

तेव्हा कुसैचा थोरला भाऊ यझन अम्मानहून आला. वकील होता, चुणचुणीत होता, आणि भावाच्या काळजीने अर्धा झाला होता.

"काका, तुम्ही डोक्याला त्रास करून घेऊ नका," तो म्हणाला, "मी सगळं तयार करून आणलंय." आणि त्याने फोन पुढे केला.

"हे कुणी लिहिलं?"

"एआयने. मी त्याला सगळं सांगितलं. कुठलं घराणं, काय झालं, आपल्याला काय मागायचंय. वाचून तर बघा."

अबू सत्तामने चष्मा लावला. वाचू लागला आणि खरं सांगायचं तर खूश झाला. काय भाषा होती! अल्लाची स्तुती जागच्या जागी, मृताविषयी आदर, आईच्या दुःखाचा उल्लेख, एक शब्द जास्त नाही. तरुणपणी आपण असंच बोलायचो, असं त्याला वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं. मग मधेच एके ठिकाणी तो थांबला. तिथे लिहिलं होतं, की हेच ते घर, ज्याच्या आजोबांनी, शेख दिर्बी यांनी, मोठ्या बर्फाच्या वर्षी सख्ख्या भावाचं रक्त एका पेल्यावर माफ केलं. आज त्यांचा नातू त्याच पेल्यापुढे बसला आहे.

"ही हकिकत कुठली?" त्याने विचारलं.

"त्यांच्या आजोबांची."

"ते कळलं रे. पण मी तर कधी ऐकली नाही. इतकी वर्षं या मुलखात हिंडतोय. एवढी मोठी माफी झाली असती, तर माझ्या कानावर आली नसती?"

"काका, तुम्ही ऐकलंय ते तुमच्या कानाएवढं. याने सगळं वाचलंय."

"दिर्बी हे नाव कुणी सांगितलं त्याला?"

"नाव मीच सांगितलं, वंशावळीत होतं. बाकीचं त्याला माहीत होतं."

अबू सत्तामने दाढीवरून हात फिरवला. "विचार बरं त्याला, खरी आहे का म्हणून."

यझनने विचारलं. उत्तर झटकन आलं: होय, ही घटना त्या भागात सर्वश्रुत असून वडीलधारी मंडळी ती आजही अभिमानाने सांगतात.

"झालं समाधान?" यझन म्हणाला.

झालं नव्हतं. पंचायतीत एखाद्या साक्षीदाराने 'मी खरं बोलतो, हवं तर मलाच विचारा' म्हटलं असतं, तर याच अबू सत्तामने त्याला हसून हाकलून दिलं असतं. हे त्याला त्या क्षणीसुद्धा कळत होतं. पण 'वडीलधारी मंडळी' म्हणजे आपणच की, असं मनात येऊन त्याला उलट भीती वाटली. आपण विसरलो तर नाही? हल्ली नावं विसरतोच आहोत. उगाच शंका काढायची आणि पोरापुढे म्हातारपण उघडं पाडायचं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

उम्म सत्ताम आतून चहा घेऊन आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. "अहो, त्या गावात माझी मावसबहीण दिली आहे. एक फोन करा आणि विचारा. त्याला काय चढ चढावा लागतो?"

"करतो."

"कधी?"

"उद्या करतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी तो उशिरापर्यंत झोपला. उठल्यावर भाषण पाठ करायला घेतलं. इतकं सुरेख होतं, की आपोआप जिभेवर बसलं. फोनचं त्याला दोनदा आठवलं. एकदा जेवताना आणि एकदा नमाजानंतर. दोन्ही वेळा वाटलं, ते वाक्य गाळूनच टाकू, मग विचारायचं कारणच उरत नाही. तेवढ्यावर त्याने स्वतःची समजूत घातली.

जाहाच्या दिवशी अबू मुतलकच्या घरापुढे मोठा तंबू उभारला होता. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मुतलक मेला, पण बाप अबू मुतलकच राहिला, मुतलकचा बाप. प्रत्येकजण हात हातात घेऊन त्याला त्याच नावाने सलाम करत होता, आणि तो प्रत्येकाला उत्तर देत होता. दाढी नीट कोरलेली, अंगावर इस्त्रीचा झगा, डोळे मात्र खोल गेलेले. अबू सत्तामने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं, हा माणूस देणार. इतक्या वर्षांत त्याला हे बसल्याबसल्या कळायचं. माफ करायचं मनात नसलं, की माणूस तंबूत दाराकडे तोंड करून बसतो. अबू मुतलक पाहुण्यांकडे तोंड करून बसला होता.

पेला आला. अबू सत्तामने तो तसाच राहू दिला आणि उठून बोलायला लागला.

बोलणं छान रंगलं. माना डोलत होत्या. मागे यझन हात गच्च आवळून बसला होता. आईच्या दुःखाचं वाक्य आलं, तेव्हा यजमानाकडच्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. आणि बोलण्याला अशी काही गती आली होती, की ते गाळायचं वाक्य कधी आलं आणि कधी तोंडातून गेलं, हे अबू सत्तामला कळलंसुद्धा नाही. शेख दिर्बी, बर्फाचं वर्ष, भावाचं रक्त, एक पेला. पुढचं दीड वाक्य तो बोलत राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की समोरची एकही मान हलत नाही.

"थांबा," अबू मुतलक म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

आता तरबेज माणसाला इथून निसटायला दहा वाटा होत्या. लोक म्हणतात, जुन्या लोकांकडून ऐकलं, माझी चूक झाली असेल. अबू सत्तामला त्या सगळ्या पाठ होत्या. पण खोटं रचायलाही अंगात बळ लागतं, आणि ते त्याच्यात नव्हतं.

"फोनमधल्या मशीनने," तो म्हणाला.

तंबूत कुणीतरी नाकाने हसलं आणि लगेच गप्प झालं.

"माझ्या आजोबांचा भाऊ मारला गेला, हे खरं," अबू मुतलक म्हणाला. "मारणारे कोण, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांची जाहा कधी आलीच नाही. आजोबा मरेपर्यंत दर शुक्रवारी कॉफी भाजून, कुटून, चुलीवर ठेवायचे. म्हणायचे, आज येतील. त्यांना माफ करायचं होतं हो. मागायला कुणी आलं नाही, म्हणून ते तसेच गेले. आमच्या घरात याविषयी कुणी बोलत नाही. आणि तुम्ही माझ्या तंबूत उभे राहून सांगता, की त्यांनी एका पेल्यावर मिटवलं."

"माझी चूक झाली."

"तुम्हाला हे खरं वाटलं?"

"शंका आली होती."

"मग विचारलं का नाहीत? तुम्ही तर विचारून येणारे. अबू सत्ताम येणार म्हटल्यावर आमचा दुकानदार चार दिवस तुमची वाट बघत होता."

अबू सत्तामने पेल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "दमलो होतो."

अबू मुतलकने मान हलवली, जणू हे उत्तर त्याला पटलं. "मीही दमलोय," तो म्हणाला. "मुतलक गेल्यापासून रोज सकाळी उठायचं म्हणजे दगड उचलायचा. तरी आज उठलो. दाढी केली. कॉफी माझ्या हाताने भाजली. बायको कालपासून माझ्याशी बोलत नाही, कारण मी आज तुम्हाला काय सांगणार होतो, ते तिला माहीत होतं. एवढं सगळं मी दमून केलं. तुमच्याने एक माणूस गाठून विचारवलं नाही?"

 

"तह मी मोडत नाही," अबू मुतलक पुढे म्हणाला. "तुमच्या कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही. पण माझ्या मुलाच्या रक्ताची माफी मागायला येताना मी कोण आहे, एवढं तरी कळून या. पोरा, तो पेला उचल."

कॉफी वाढणाऱ्या त्याच्या भाच्याने पेला उचलला. भरलेला होता तसाच आत गेला.

परतीच्या गाडीत यझनने फोन बाहेर काढला आणि पुन्हा खिशात ठेवला. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "काका, चूक माझी. पुढच्या खेपेला मी त्याला नीट विचारतो. सांगतो, की कुठल्याही जुन्या गोष्टी घालू नको."

"त्याला नको विचारूस रे बाबा," अबू सत्ताम म्हणाला. "आणि चूक तुझी नाही. तुला शंकाच आली नव्हती. मला आली होती."

गावात शिरले, तेव्हा उम्म यझन दारात उभी होती. घर धुऊन काढलेलं दिसत होतं. गच्चीवरच्या दोरीला कुसैची गादी उन्हात टाकली होती. कोठडीतून लगेच कुणी सुटत नसतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं, पण आईला कोण समजावणार? गाडी थांबली तशी ती पुढे आली. यझन उतरायलाच तयार होईना. अबू सत्तामच दार धरून, गुडघ्यावर हात ठेवून खाली उतरला.

"भाऊ," ती म्हणाली, "कॉफी प्यायलात ना?"

"नाही."

तिने पुन्हा एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "त्यांनी पाजली नाही?"

"पाजणार होते. घरातून ठरवून बसले होते. माझ्यामुळे राहिलं. मी एक गोष्ट विचारायची होती, ती विचारली नाही."

"कुणाला विचारायची होती?"

अबू सत्तामने डोळे मिटले. दुकानदार होता, मावसबहीण होती, मशिदीच्या पायरीवर बसणारे सगळे म्हातारे होते.

"कुणालाही," तो म्हणाला. "त्या गावात कुणालाही विचारलं असतं, तरी चाललं असतं."