बेंझिल क्लोराइड आणि गुणाजीचे डोळे

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात बेंझिल क्लोराइड बनतं. काचेच्या भांड्यात टोल्युइन उकळत ठेवायचं, त्यावर दिव्याचा उजेड पाडायचा आणि क्लोरीन हळूहळू सोडायचा. जास्त गेला तर माल बिघडतो. तयार माल दिसायला पाण्यासारखा, पण त्याची जराशी वाफ सुटली तरी डोळे वाहू लागतात. म्हणून इथला नियम साधा आहे. भांड्याजवळच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की "डोळे!" असं ओरडायचं आणि आधी क्लोरीनचा व्हॉल्व्ह बंद करायचा.

गुणाजी परब या भांड्यावरचा जुना ऑपरेटर. बायकोचं, सुगंधाचं, दिवसकार्य गावी उरकून तो सोमवारी कामावर आला.

सकाळीच त्याच्या डोळ्यांत पाणी बघून शिफ्टची केमिस्ट नीलम ओरडली, "डोळे!" व्हॉल्व्ह बंद झाला, माणसं बाहेर आली. फिटर भीमराजने अमोनियात भिजवलेला बोळा प्रत्येक जोडावरून फिरवला. गळती असती तर पांढरा धूर उठला असता. उठला नाही.

जेवणानंतर पुन्हा तेच.

"वास आला का, काका?" नीलमने विचारलं.

"इलो थोडो."

"काका, आता सगळे गॅस्केट खोलायला लावणार का? वाट लागली माझी," भीमराज म्हणाला आणि नट खोलायचे पाने आणायला गेला.

नीलम गुणाजीच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली. थोडा वेळ तशीच थांबली.

"माझे डोळे कोरडे आहेत, काका."

गुणाजी भांड्याकडे बघत राहिला. "मगे लाइन बरी आसा."

"थोडे दिवस घरी राहा ना."

"घराक रवान काय करू गो? भिंतींक चाय करून देव?"

"पण भांड्यावर नाही ठेवता येणार. उद्या खरंच गळलं आणि आम्हाला वाटलं काका रडतायत, तर?"

रडणं हा शब्द गुणाजीसमोर आजवर कोणी उच्चारला नव्हता. त्याने बाहीने तोंड पुसलं.

"मगे माका भरणीक लाव," तो म्हणाला. तयार माल कॅनमध्ये भरायची खोली म्हणजे भरणी. "थंय सगळ्यांच्याच डोळ्यांक पाणी येता."

नीलमने भीमराजला पाने परत ठेवायला सांगितले आणि व्हॉल्व्ह उघडला.

दुसऱ्या दिवसापासून गुणाजी भरणीत आहे. तिथे त्याला कोणी काही विचारत नाही.