चिकटपट्टीखालचा दिवा

मी बोलतोय तो गाडीच्या काट्यांशेजारचा पिवळा दिवा. माझ्या अंगावर इंजिनाचं चित्र आहे. इंजिनाला काही दुखलंखुपलं की पेटायचं, एवढंच काम मला नेमून दिलेलं. नेमकं काय दुखतंय ते मला सांगता येत नाही. ते गॅरेजवाल्याने यंत्र जोडून विचारायचं.

माझा मालक कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. दातांचे साचे आणि तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचा. मागच्या सीटवर खोक्यांत एवढे दात, पण गाडीत बोलणारे एकटे त्याचे बाबा. घरी बसून कंटाळायचे, म्हणून सोबत यायचे.

पहिल्यांदा पेटलो तेव्हा मालकाने लगेच गॅरेज गाठलं. निघालं काय, तर पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलेलं. गॅरेजवाला हसला, मालकही हसला. तिथेच माझी पत गेली.

पुढच्या वेळी मात्र खरंच बिनसलं होतं. ठिणगी देणारी एक कॉइल मरायला टेकली होती. मालक म्हणाला, या दिव्याला उगाच पेटायची सवयच आहे. बाबांची नजर माझ्यावरून हटेना. दर सिग्नलला त्यांचं एकच, अरे, दाखवून तरी घे. मालक स्वभावाने वाईट नव्हता. कामाने पिचलेला होता. एके दिवशी त्याने खोकी बंद करायच्या काळ्या चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडला आणि माझ्यावर दाबून बसवला.

"घ्या. झाली दुरुस्ती."

 त्यानंतर बाबा खिडकीबाहेरच बघत बसत.

त्या दुपारी मालक कारखान्यातल्या साहेबांबरोबर त्यांच्या गाडीतून बाहेर गेला होता. त्याची धाकटी बहीण बाबांना भेटायला आली होती. बोलता बोलता बाबांना धाप लागली, ओठ निळसर पडले. शेजारीण म्हणाली, ॲम्ब्युलन्स बोलावू. पण गाडी दाराशी असताना वाट कशाला बघायची, म्हणून धाकटीने किल्ली उचलली.

उड्डाणपुलाच्या चढावर गाडी गचके खाऊ लागली. पट्टीखाली मी जीव तोडून लुकलुकत होतो. मी लुकलुकलो की गाडी तिथल्या तिथे थांबवायची असते. धाकटीला वाटलं, आपल्यालाच ही गाडी जमत नाहीये. माझंच चुकतंय हो बाबा, असं म्हणत ती ॲक्सिलरेटर दाबत राहिली. मग दुसऱ्या कॉइलनेही मान टाकली आणि पुलाच्या ऐन माथ्यावर इंजिन बंद पडलं. काही केल्या सुरू होईना.

तिने ॲम्ब्युलन्सला फोन केला. पण आमच्याच मागे गाड्यांची रांग तुंबलेली, आणि ॲम्ब्युलन्सला त्याच रांगेतून वाट काढत यायचं होतं. ती पोचेपर्यंत बाबांचा हात धाकटीच्या हातात गार पडला होता.

काही दिवसांनी भावंडं गॅरेजमध्ये आली. गॅरेजवाल्याने नखाने पट्टी सोलली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग भावाकडे.  बाबा वेळेवर पोचले असते तर वाचले असते का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

मालकानेच विचारलं. "बाबा काही बोलले का गं?"

"दादाला फोन करू नकोस म्हणाले. कामात असेल."

आता गाडी धडधाकट आहे. किल्ली अर्धी फिरवली की मी तपासणीपुरता पेटतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. मालक मात्र कधी कधी किल्ली अर्धीच फिरवून थांबतो. शेजारची सीट रिकामी. मी पेटलेलाच राहतो, आणि तो माझ्याकडे बघत राहतो.

आता काही बिघडलेलं नाही रे. किल्ली पुढे फिरव आणि मला विझू दे.