मागच्या खोलीचा खटका

मी बोलतोय, चपलांच्या रॅकवरच्या पांढऱ्या डब्यातून. नाव एमसीबी, पण घरात मला कुणी या नावाने हाक मारलेली नाही. 'खटका' म्हणतात, 'तो' म्हणतात, आणि वर्षभरापूर्वी तर 'मेला पुन्हा पडला' एवढंच म्हणायचे. कपाळावर सोळा हा आकडा छापलाय. सोळा अँपिअरपेक्षा जास्त वीज माझ्यातून गेली की मी पडतो. माझं काम एवढंच, आणि त्यासाठीच मला आणलंय.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे पट्ट्यावरून पुढे सरकताना आमची परीक्षा झाली. एका बाईंनी आम्हाला एकेक करून जास्तीची वीज दिली. जे पडले ते पास, जे ताठ उभे राहिले ते भंगारात. परीक्षेत पडून पास होण्याचं भाग्य आमच्याच घराण्याला, म्हणून मी तेव्हापासून जरा तोऱ्यात असतो.

या घरात आलो तेव्हा माझ्याकडे पॅसेज आणि त्याला लागून असलेली मागची अडगळीची खोली दिली गेली. माझ्यामागे भिंतीत एक वायर आहे. घराइतकीच जुनी, अंगाने बारीक, स्वभावाने गरीब. कितीही भार टाका, ती हूं की चूं करत नाही, नुसती तापत जाते. तिच्या वतीने बोलायला मी आहे. पहिली चोवीस वर्षं तसं बोलावंच लागलं नाही. अडगळीच्या खोलीत एक बल्ब, पॅसेजमध्ये एक इस्त्री, संपलं.

मग घरातले आजोबा निवृत्त झाले. ते बस डेपोत कंट्रोलर होते, त्यामुळे सगळे त्यांना कंट्रोलरसाहेबच म्हणत. सहाची गाडी सहालाच सुटली पाहिजे, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर सोडायला गाडी उरली नाही, तेव्हा ते घरातल्यांना वेळेवर सोडायला लागले. आंघोळीला किती मिनिटं, चहाला किती मिनिटं. घर मेटाकुटीला आलं.

अशातच त्यांच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे घरातल्या आत्यांचा, फोन आला. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "झाडं लाव म्हणावं तर तुझ्या हाताला निवडुंगसुद्धा जगत नाही." साहेबांना ते लागलं. "तू खुशाल नालायक ठरव मला," ते म्हणाले, "पण पुढच्या वेळी येशील तेव्हा माझ्या हातची स्ट्रॉबेरी तुझ्या तळहातावर ठेवीन, ती पण याच घरात पिकवलेली."

झालं. अडगळ बाहेर गेली. भिंतींना चमकता कागद लागला, लोखंडी मांडण्या आल्या, त्यावर स्ट्रॉबेरीच्या रोपांचे ट्रे, वर सहा मोठे दिवे, दोन पंखे, हवा कोरडी करणारं यंत्र, एक हीटर आणि मुळांना पाणी फिरवणारा छोटा पंप. हे सगळं एका सॉकेटात, एकाला एक जोडलेल्या तीन एक्स्टेन्शन बोर्डांतून. शेवटचा बोर्ड तर जमिनीवर, ट्रेमधलं पाणी ठिबकत होतं नेमका तिथे. मला डब्यातून ते दिसत नाही, पण घरात बोललेलं सगळं ऐकू येतं.

यातली गंमत अशी, की घरची सून वायरिंगची कामं घेते. मोठमोठ्या इमारतींचं वायरिंग तिच्या हाताखाली होतं. तिने सुरुवातीलाच म्हटलं होतं, "बाबा, दिवे आणण्याआधी एकदा कागदावर मांडू या. किती भार, कुठून लाइन, सगळं." त्यावर साहेब म्हणाले, "अगं, पस्तीस वर्षं डेपो चालवलाय. चार दिवे लावायला नकाशा कशाला?" पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. ती बिचारी एका रुग्णालयाच्या कामात गुंतली होती, तिने विषय सोडून दिला.

आता साहेबांची चूक ऐका, ती दुसऱ्या कुणी केलीच नसती. त्यांनी प्रत्येक यंत्राला गोल फिरणारा टायमर बसवला आणि सगळ्यांची वेळ ठेवली सकाळी सहा. सहा म्हणजे सहा. ठोक्याला सहा दिवे, दोन पंखे, हीटर, पंप, ते कोरडं करणारं यंत्र, सगळं एकदम सुरू. दारात उभं राहून ते घड्याळ बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. सव्वासहाला साहेबांचा मुलगा पॅसेजमध्ये इस्त्री लावायचा. आणि मी तापायला लागायचो.

लोकांना वाटतं मी उतावळा आहे. साफ खोटं. एकदम मोठा लोंढा आला तर पापणी लवायच्या आत पडतो, पण भार थोडाच जास्त असेल तर मी कळ काढतो. कमी होतोय का बघतो. अंग पुरतं तापलं की मगच पडतो. साहेब धावत यायचे, मला वर ढकलायचे, "नाजूक कुठला" म्हणायचे. पाच मिनिटांनी मी पुन्हा खाली. त्यात मी पडलो की टायमरही थांबायचे आणि तेवढे मागे राहायचे. डेपोच्या कंट्रोलरच्या घरात सहाचा दिवा सहा वाजून चाळीस मिनिटांनी लागायला लागला. ते दुःख त्यांना स्ट्रॉबेरीपेक्षा जास्त झालं असावं.

मग एक दिवस घरी कुणी नसताना मी पडलो. सगळे नऊ तासांनी परतले. पंप बंद, मुळं कोरडी. निम्म्या रोपांनी माना टाकल्या होत्या. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. एकेका रोपाला हाताने पाणी घालत बसले. मला फार वाईट वाटलं, खरंच सांगतो. पण वायर त्या दिवशी एवढी तापली होती, की मी उभा राहिलो असतो तर त्याच भिंतीपलीकडचा साहेबांचा पलंग पेटला असता, आणि झोपायला त्यांना परत येण्याची गरजच पडली नसती.

आत्या रविवारी येणार होत्या. उरलेल्या रोपांवर सात स्ट्रॉबेऱ्या लाल व्हायला आल्या होत्या. साहेबांनी शेजारच्या फ्रिजवाल्याला बोलावलं. हा गृहस्थ फ्रिज उत्तम दुरुस्त करतो, म्हणून बाकी सगळंही येतं असं समजतो. त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि हसला. "साहेब, हा सोळाचा आहे. बत्तीसचा टाकतो. पुन्हा आयुष्यात पडणार नाही."

खिशातून त्याने माझा तो आडदांड भाऊ काढला. तो खरंच पडला नसता. वायर भिंतीत जळून गेली असती तरी पडला नसता. त्याचाही दोष नाही, त्याला बत्तीसपर्यंत गप्प बसायलाच शिकवलंय. मेन स्विच बंद झाला. माझा एक स्क्रू सुटला. मला स्वतःची नाही, त्या मुक्या वायरची काळजी वाटत होती.

तेवढ्यात सून कामावरून आली. हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली.

"भाऊ, काय चाललंय?"

"काही नाही वहिनी, जरा मोठा टाकतोय. हा सारखा पडतो."

"मागची वायर बघितलीत?"

"वायरला काय झालंय?"

"काही झालं नाही, कारण हा पडत होता," ती म्हणाली, आणि मागच्या खोलीत जाऊन पहिल्या बोर्डाचा प्लग काढून आणला. त्याची एक बाजू वितळून तपकिरी झाली होती. तिने तो सासऱ्यांच्या हातात ठेवला. त्यांनी वास घेतला.

ती रागावली असती तर त्यांनी वाद घातला असता. ती खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, डेपोला गेट किती होती?"

"एकच."

"मग सहाला किती गाड्या सोडायचात?"

"एक. दुसरी पाच मिनिटांनी. सगळ्या एकदम सोडल्या तर गेटातच..." साहेब मध्येच थांबले.

"आणि गेट अरुंद म्हणून तुम्ही वॉचमन बदलताय."

साहेबांनी प्लग खाली ठेवला. मग फ्रिजवाल्याला म्हणाले, "तो स्क्रू परत आवळ बाबा."

त्या संध्याकाळी कागद निघाला. सुनेने प्रत्येक यंत्राच्या पाठीवरचे वॅट लिहून बेरीज केली. हे दिवे तासन्‌ तास चालणार, म्हणून लाइन काठोकाठ भरायची नाही, पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा, असं तिने बजावलं. मेनपासून नवी जाड वायर. दिव्यांची लाइन वेगळी, पंपाची वेगळी, म्हणजे दिवे गेले तरी मुळांना पाणी मिळत राहील. हीटरचीही वेगळी. सॉकेटं छातीच्या उंचीवर. ओल्या हाताला झटका बसण्याआधी वीज तोडणारं एक यंत्र सगळ्यांच्या वर. साहेबांनी पट्टी घेऊन वेळापत्रक आखलं: पहिली मांडणी सहा, दुसरी सहा-दहा, हीटर साडेसहा, पंप कायम सेवेत. फक्त एका गोष्टीवरून जुंपली. सॉकेटात जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाण्याचा थेंब आत न जाता खाली गळतो, असं सुनेचं म्हणणं. साहेबांना लोंबतं काहीच खपत नाही. शेवटी सगळे झोळ एकाच मापाचे असतील या अटीवर तह झाला.

दोन दिवसांत तिची माणसं येऊन काम करून गेली. नव्या डब्यात नवे गडी आले, चांगले आहेत, जरा तरुण आहेत. माझ्याकडे पुन्हा पॅसेज आणि इस्त्री.

रविवारी आत्या आल्या. साहेबांनी सर्वांत लाल स्ट्रॉबेरी त्यांच्या तळहातावर ठेवली. आत्यांनी ती चावली, डोळे मिटले. "आंबट आहे," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या सहाही खाल्ल्या.

मग त्या केस वाळवायला पॅसेजमध्ये गेल्या. वाळवायचं यंत्र लावलं. शेजारी मुलाची इस्त्री चालू होती, आणि आत्यांना चहा हवा म्हणून कुणीतरी किटलीही तिथेच लावली होती. मी कळ काढली, काढली, आणि पडलो.

"तुझ्या घरात हे असंच," आत्या म्हणाल्या. मुलगा सवयीने धावत आला आणि माझ्याकडे हात नेला. मी शिव्या ऐकायच्या तयारीत होतो.

"थांब, हात लावू नकोस," साहेब खुर्चीतून उठत म्हणाले. "तो उगाच पडत नाही. आधी काय काय लावलंय ते बघ, मग उठव त्याला."

पंचवीस वर्षांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं वाक्य. त्यांनी स्वतः किटली काढून स्वयंपाकघरात नेली, इस्त्री बंद केली, आणि मग एका बोटाने मला हळूच वर केलं.

आता म्हातारपण आलंय. सून म्हणते, पुढच्या वर्षी याला बदलू, आतली स्प्रिंग थकली असेल. बदला, माझी हरकत नाही. फक्त माझ्या जागी सोळाचाच आणा. आणि तुमच्या घरात माझा कुणी भाऊबंद पडला, तर त्याला उठवण्याआधी एकदा विचारा, का पडलास बाबा.